आठ दारांची इमारत

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता पाइपलाइन रोडवरच्या चहाच्या गाडीपाशी काका भेटले. नगरात घरं दाखवणाऱ्या या माणसाला सगळे काकाच म्हणतात. नाव छापू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून या लेखातही ते काकाच. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत किल्ल्यांचा जुडगा असतो. प्रत्येक किल्लीला चिकटपट्टीनं चिठ्ठी लावलेली, आणि चिठ्ठीवर पत्त्याऐवजी खूण. 'डॉक्टरांच्या मागे, दुसरा.' 'पिंपळाजवळ, लिफ्ट नाही.' 'फौजी, दार वर उचलून उघडणे.' शहराचा असा नकाशा महापालिकेकडेही नसेल.

त्या दिवशी शेवगाव तालुक्यातलं एक शेतकरी जोडपं घर बघायला आलं होतं. मुलीला अकरावीला नगरात ठेवायचं होतं. चार वर्षं भाडं भरण्यापेक्षा घेऊनच टाकू, धाकट्यालाही उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब. इमारत इथं हजारदा दिसते तशी: खाली पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एकूण आठ. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाईंनी ओटा पाहिला, गॅलरीत किती ऊन येतं ते पाहिलं, नवऱ्यानं नळ सोडून पाहिला. परत उतरताना काकांनी दोघांना जिन्यातच थांबवलं आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. नळाला पाणी दिवसाआड. टाकी आठ घरांत एक. मोटार लावायची पाळी ठरलेली, तिचा कागद खाली मीटरच्या खोलीत. गच्ची गळते. वर पत्रा टाकायचं मागच्याच वर्षी ठरलं होतं, पण दोन घरांनी पैसे दिले नाहीत. पहिल्या मजल्यावरचे गुरुजी सज्जन आहेत, पण पार्किंगवरून दुसऱ्या मजल्याशी त्यांचं बोलणं नाही. हे सगळं सांगून झाल्यावर मग भाव.

मला आश्चर्य वाटलं. ज्याला विकायचं तोच उणिवा सांगतोय. नंतर चहा पिताना काकांनी उलगडून सांगितलं. दोनशे घरांच्या संकुलात माणूस घर विकत घेतो. तिथं व्यवस्थापक असतो, सुरक्षारक्षक असतो, शेजारी न बोलता वर्षं काढता येतात. आठ घरांच्या इमारतीत मात्र तो सात अनोळखी कुटुंबांशी भागी करतो. ही भागी आयुष्यभराची असते आणि भागीदार कोण हे कुठल्याच दस्तात लिहिलेलं नसतं. ते सांगणं हे दलालाचं खरं काम. भाव काय, तो आता कुणीही मोबाइलवर बघतो.

या लेखासाठी दोन महिने मी असे जिने चढलो. जे दिसलं त्यातलं बरंचसं काकांच्या या एका बोलण्याभोवतीच फिरतं.

आठ हा आकडा कुठून आला, हे आधी पाहायला हवं. काही प्रमाणात तो भूगोलाचा आहे. सावेडी, गुलमोहर रोड, बुरुडगाव रोड, केडगाव, या भागांतले जुन्या ले-आउटमधले प्लॉट तीन, चार, पाच गुंठ्यांचे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार ९ मीटरहून अरुंद रस्त्यावर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१ मिळतो, आणि अधिमूल्य भरलं तर त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के पूरक क्षेत्र. पाच गुंठ्यांवर हे गणित केलं की साधारण ८९० चौरस मीटर, म्हणजे साडेनऊ हजार चौरस फूट बांधकाम येतं. जिना, भिंती, गॅलऱ्या सगळं धरून आठनं भागलं की प्रत्येक घराला बाराशेच्या आसपास. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. नगरच्या मध्यमवर्गाला हवं असलेलं नेमकं हेच घर.

उरलेला भाग कायद्याचा आहे, आणि त्याकडे घर घेणाऱ्यांचं फारसं लक्ष नसतं. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, 'महारेरा', १ मे २०१७ पासून काम करू लागलं. त्यानंतर जाहिरातीत महारेराचा क्रमांक दिसला की लोकांना धीर येतो, आणि तो रास्त आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, बांधकामातल्या मूळ दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर राहते. पण याच कायद्याचं तिसरं कलम सांगतं की जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची गरज नाही. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागत नाहीत, एक पुरते. चार गुंठ्यांचा प्लॉट क्षेत्रफळावर सुटतो. पाच गुंठ्यांचा सहा चौरस मीटरनं हुकतो, पण त्यावर आठच दारं काढली की तोही सुटतो.

पुढं नववं कलम. एजंटानं नोंदणी करायची, ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री जुळवण्यासाठी. २०२३ पासून अशा एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ही चांगली गोष्ट झाली. पण लहान इमारत नोंदणीबाहेर, जुन्या फ्लॅटची फेरविक्री नोंदणीबाहेर, म्हणजे ती जुळवणारा माणूसही बाहेर. नगरसारख्या शहरात आठ दारांच्या इमारती गल्लोगल्ली आहेत. तिथला खरेदीदार ज्या कागदाच्या भरवशावर निर्धास्त होतो, तो कागद या इमारतींना लागूच नाही. १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा, बोलीभाषेतला 'मोफा', अजून जिवंत आहे. करार नोंदवणं, मंजूर नकाशे दाखवणं, अभिहस्तांतरण करून देणं ही बंधनं त्यात आहेत. पण मोफाला स्वतःचं दार नाही, संकेतस्थळ नाही, तक्रारीचा क्रमांक नाही. जो वकिलाकडे जाईल त्यालाच तो भेटतो.

म्हणून इथं कागदाची जागा माणसानं घेतलीय. काकांसारख्यांनी.

माझं बालपण माळीवाड्यातल्या एका वाड्यात गेलं. दोन खोल्या, सामाईक नळ, भाडं इतकं कमी की मालक ते घ्यायला यायचेही नाहीत. कारण १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. त्यानं प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकलं होतं. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात त्या कायद्यानं कितीतरी कुटुंबांचं छप्पर वाचवलं, आमचंही वाचवलं. पण पन्नास वर्षांत वाड्यांचे वासे कुजले आणि मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूला ठेवलं की तो निघत नाही, ही धास्ती शहराच्या हाडात मुरली. ३१ मार्च २००० ला नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ, आणि अनुज्ञप्तीची म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपली की घर परत मिळवण्याची सोपी वाट, या दोन गोष्टी त्यात आल्या. तेव्हापासून कुलूपबंद फ्लॅट उघडायला लागले. अकरा महिन्यांच्या कराराची सवय मात्र जुन्या धास्तीतूनच आली. करार अकरा महिन्यांचा असला तरी तो लेखी करून नोंदवणं या कायद्यानं बंधनकारक आहे. स्टँप पेपरवर नोटरी करून आपण सुटलो, असं समजणारे मालक मला आजही रोज भेटतात.

मलिक अहमद निजामशाहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेलं हे शहर बराच काळ वेशींच्या आत राहिलं. निजामशाहीत आसपासच्या गावांहून खापरी नळांनी पाणी आणलं होतं आणि ते कुठल्या हौदात किती जायचं हे ठरलेलं होतं. बाहेरचा विस्तार त्या मानानं अलीकडचा. सावेडी, नागापूर, बोल्हेगाव, केडगाव ही सगळी खेडीच होती. नागापुरात औद्योगिक वसाहत आली. लष्कराची केंद्रं आणि वाहन संशोधन संस्था आधीपासून होतीच. त्यांच्यामागून शाळा, महाविद्यालयं, दवाखाने आले. प्राध्यापक, कारकून, निवृत्त सुभेदार यांनी मळ्यांच्या जागी पडलेले प्लॉट घेऊन बंगले बांधले. २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. आता त्या बंगल्यांतली मुलं पुण्यात आहेत, बंगळुरात आहेत, न्यू जर्सीत आहेत. म्हाताऱ्या आईबापांना जिना चढवत नाही, आंबा छाटवत नाही. नेमक्या या वळणावर आठ दारांची इमारत जन्माला येते.

ती दोन-तीन तऱ्हांनी उभी राहते. सगळ्यात रूढ तऱ्हा म्हणजे विकसन करारनामा. जमीन मालकाची, पैसा आणि धावपळ बिल्डरची, फ्लॅट ठरलेल्या वाट्यानं. निम्मे-निम्मे म्हणतात, पण प्रत्यक्षात वाटा रस्त्याच्या रुंदीवर आणि बोलणी करणाऱ्याच्या चिकाटीवर ठरतो. मालकाच्या वाट्याला चार घरं आली तर एकात तो राहतो, एक विकून हाती पैसा ठेवतो, दोन भाड्यानं देतो. दुसरी तऱ्हा मला फार जवळची वाटते. एकाच शाळेतले चार शिक्षक, किंवा एकाच दवाखान्यातले डॉक्टर आणि औषध दुकानदार, एकत्र येऊन प्लॉट घेतात, ठेकेदार नेमतात, आठ घरं बांधतात. प्रत्येकी एक स्वतःला, बाकीची विकून खर्च वसूल. सहकाराच्या या जिल्ह्यात ही वृत्ती मुरलेली आहे. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, त्याच मातीतलं हे छोटं रूप. अशा भागीदारीतल्या इमारतींचे पाया मला खोल दिसले. जो बांधतो तोच तिथं राहणार असतो.

क्वचित अख्खी इमारत एकाच मालकाची असते. सहा-आठ भाडेकरू, गल्लीच्या तोंडाशी मालकाचं स्वतःचं घर, महिन्याच्या पाच तारखेला भाडं गोळा. परदेशात असा धंदा मोठा आहे, इमारत एकगठ्ठा विकली जाते आणि भाव ठरतो तो तिच्या भाड्याच्या उत्पन्नावर. नगरात असा सौदा विरळा. दलालांच्या जगात तो कुजबुजत होतो, कारण घेणाऱ्या चार-पाच 'पार्ट्या' सगळ्यांना माहीत असतात. मालक गेला की वारसांत एक-एक मजला वाटला जातो आणि एका मालकाची इमारत पाच वर्षांत पाच मालकांची होते.

आता पैशाचा हिशेब. तो मांडताना नगरकराचा चेहरा पडतो, पण मांडायलाच हवा. समजा, फ्लॅट ४० लाखांचा. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेच्या अधिभारासह, ६ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली एक टक्का, ४० हजार. घर पडलं ४३ लाख १० हजारांना. भाडं १० हजार धरू. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा जातोच, म्हणून वर्षाचे १ लाख १० हजार. घरपट्टी, देखभाल, रंग, मोटारीची दुरुस्ती यांत २० हजार गेले. उरले ९० हजार. गुंतवलेल्या रकमेवर दोन टक्क्यांच्या थोडं वर. बँकेतली मुदत ठेव याच्या तिप्पट देते.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. आमच्याकडे पत्नीच्या नावचे फ्लॅट वाढले त्याला हे मोठं कारण. कारण काहीही असो, दस्तावर बाईचं नाव आलं याचा मला आनंद आहे. पण दोन टक्क्यांचे त्यानं सहा होत नाहीत.

मग लोक घेतात का? मी प्रत्येकाला विचारलं. उत्तरं वेगवेगळ्या शब्दांत, पण भीती एकच. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. १९१० मध्ये स्थापन झालेली, शहराच्या कित्येक पिढ्यांचा पैसा सांभाळलेली बँक. ठेवीला विमा पाच लाखांपर्यंत. त्याच्या वरचे पैसे अडकलेल्या घरांमध्ये त्या काळात मी बसलो आहे. मुलीच्या लग्नासाठी, शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे होते ते. त्या घरांतून आता ऐकू येतं की भिंत तरी दिसते, तिला कुलूप लावता येतं. दोन टक्के मिळोत, पण डोळ्यांसमोर असोत. या बोलण्याला अर्थशास्त्राचं पुस्तक काढून उत्तर देण्याची माझी हिंमत नाही. एवढंच सांगेन की फ्लॅटही अडकतो, फक्त आवाज न करता. विकायला काढल्यावर वर्षभर गिऱ्हाईक न आलेली घरं काकांच्या जुडग्यात कमी नाहीत. आणि चौथ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं घर दर वर्षी मालकासोबत म्हातारं होतं.

शिर्डीची तऱ्हा वेगळी. तिथं लोक दर्शनाला येतात, वर्षातून दोनदा उतरायला स्वतःची जागा असावी म्हणून छोटा फ्लॅट घेतात, बाकीचे दिवस कुणीतरी तो भाविकांना देतो. २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झाल्यावर अशा खरेदीला दूरदूरची माणसं आली. पण तिथं शेजार नसतोच. आठही दारांच्या मागं पाहुणे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

नगरात दलाल कोण नसतो, असंच विचारावं लागेल. गुलमोहर रोडवर काचेच्या दाराचं ऑफिस असणारे आहेत. विमा एजंट, निवृत्त हवालदार, किराणा दुकानदार, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा झेरॉक्सवाला, एखाद्या गल्लीतल्या वहिनी, हेही आहेत. वहिनींकडे विद्यार्थिनींसाठीच्या खोल्यांची इतकी पक्की माहिती असते की मुलीला एकटीला सोडणारे आईबाप आधी त्यांच्याकडे जातात. दर ठरलेले आहेत. भाड्याला एक महिन्याचं भाडं, कधी पंधरा दिवसांचं. विक्रीला एक टक्का इकडून, एक टक्का तिकडून. पाच-पाच महिने फिरून सौदा मोडला की हाती काहीच नाही. सौदा झाला की घेणारा आणि देणारा एकमेकांचे नंबर घेतात आणि काकांना टाळून चहा पितात. दलाली बुडवणं याला आपल्याकडे चोरी म्हणत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ज्या माणसानं सात शेजारी वाचून दाखवले, त्याच्या वाचण्याची मजुरी असते.

त्याच वेळी या धंद्यातल्या दोन गोष्टींबद्दल गप्प राहणं मला शक्य नाही.

पहिली, 'एक नंबर किती, दोन नंबर किती'. दस्तात सरकारी बाजारमूल्याइतकी रक्कम, वरचे रोखीत. दलाल हा प्रश्न इतक्या सहज विचारतो की नवखा माणूस हीच रीत समजतो. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं १ जून २०१५ पासून मना आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड. पण कायद्यापेक्षाही साधी गोष्ट अशी की सौदा फिसकटला तर दस्तात नसलेल्या पैशाला साक्षीदार नसतो. ऊस किंवा कांदा विकून आलेली रक्कम अशी बुडालेली मी पाहिली आहे. त्या शेतकऱ्याच्या हातात फक्त विसारपावती होती आणि तिच्यावर खरा आकडा नव्हता.

दुसरी, आडनाव. घर भाड्यानं पाहायला आलेल्या माणसाला दुसरा प्रश्न आडनावाचा येतो, तिसरा खाण्याचा. एकट्या मुलाला नाही, घटस्फोटित बाईला नाही, अमुक धर्माला नाही, तमुक जातीला नाही. हे सगळं मालक तोंडानं सांगत नाही, दलालाकडून सांगवतो. दलालाची जीभ त्यात विटाळते. एका तरुण अभियंत्याला औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली, पगार चांगला, आणि घर मिळायला तीन महिने लागले. शेवटी ज्या इमारतीत त्याला जागा मिळाली तिथं वरच्या आजींच्या औषधांची जबाबदारी आज तोच सांभाळतो. काका म्हणाले की पूर्वी तेही मालकाची अट तशीच पुढं सांगायचे, आता आधी माणूस नेऊन उभा करतात आणि आडनाव सगळ्यात शेवटी सांगतात. हे पुरेसं नाही. पण काहीच न करणाऱ्यांपेक्षा ते मला मोठं वाटलं.

कागदांकडे वळतो, कारण मी स्वतः इथं चुकलो आहे. पंधरा वर्षांपूर्वी आईसाठी फ्लॅट घेतला. नऊ घरांची इमारत. बिल्डर ओळखीचा, म्हणून मी भोगवटा प्रमाणपत्र मागितलं नाही. नंतर कळलं की मंजूर नकाशात आठच घरं होती, नववं पार्किंगमध्ये भिंती घालून काढलेलं. त्या एका भिंतीपायी आम्हा आठ जणांना ते प्रमाणपत्र मिळालंच नाही, आणि आई गेल्यावर घर विकायला काढलं तेव्हा बँकेनं दोन गिऱ्हाइकांचं कर्ज नाकारलं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो: नकाशा घेऊन इमारतीभोवती फिरा, दारं मोजा. शोध अहवाल ३० वर्षांचा वकिलाकडून करून घ्या, मिळकत पत्रिकेवर बोजा बघा. मालक मयत असेल तर बहिणींची हक्कसोडपत्रं झाली आहेत का ते बघा. नगरात सगळ्यात जास्त सौदे तिथंच अडतात. सासरी गेलेल्या बहिणीला कुणी विचारलेलं नसतं, आणि तिनं सही द्यायला नकार दिला तर सगळे तिलाच लोभी म्हणतात.

तसंच, इमारत 'सोसायटी' आहे की 'अपार्टमेंट' हे विचारा. सहकारी संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते आणि तुम्ही सभासद. जुन्या नियमानं संस्थेला किमान १० सभासद लागत, त्यामुळे आठ घरांना ती वाट जवळजवळ बंदच होती. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि पाच जणांनाही संस्था करता येऊ लागली. दुसरी वाट १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याची. घोषणापत्र नोंदवलं जातं, त्यात प्रत्येक घराचा जमिनीतला आणि सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिला जातो, मग प्रत्येकाच्या नावे 'डीड ऑफ अपार्टमेंट' होतं. नगरात हीच वाट जास्त वापरलेली. पण कितीतरी इमारतींत ना हे झालंय ना ते. बिल्डरनं किल्ल्या दिल्या, वीसएक वर्षं झाली, जमीन अजून जुन्या मालकाच्याच नावे. अशा वेळी मोफाच्या अकराव्या कलमाखाली मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. आठांपैकी एकानं फाइल उचलली तर होतं. हा एक माणूस बहुधा निवृत्त बाई असते, आणि ती फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराखाली ठेवते.

अशी एक फाइल मी हातात घेऊन पाहिली. पहिल्या पानावर शहर 'अहमदनगर', शेवटच्या पानावर 'अहिल्यानगर'. मधल्या वर्षांत शहराचं नाव बदललं होतं. बाईंनी मला घोषणापत्रातला तक्ता दाखवला. तळमजल्यावरच्या दुकानाचा हिस्सा सगळ्यात मोठा, त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा सगळ्यात लहान. गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च मात्र सगळ्यांनी सारखा दिला होता. तक्त्याप्रमाणे दुकानदारानं जास्त द्यायला हवे होते. पण दुकानदाराचा मुलगा त्या वर्षी आजारी होता, आणि बैठकीत तक्ता कुणीच काढला नाही.

शेवगावच्या त्या जोडप्यानं शेवटी घर घेतलं. काकांनी आधी गच्चीच्या पत्र्याचा प्रश्न सोडवला. विकणाऱ्याकडून त्याच्या हिश्शाचे राहिलेले पैसे चेकनं भरून घेतले, दुसऱ्या घराला ती पावती दाखवली, आणि दोन आठवड्यांत तिथूनही पैसे आले. याची दलाली त्यांनी घेतली नाही. दस्ताच्या दिवशी मी गेलो होतो. अंगठे, फोटो, पुन्हा अंगठे. दुपारी किल्ली मिळाल्यावर सगळे इमारतीकडे आले. घरपट्टीच्या नोंदीत नाव चढायला महिने लागतील, वीजमीटरलाही वेळ आहे. मीटरच्या खोलीत भिंतीला टाचलेला मोटारीच्या पाळीचा कागद काकांनी काढून हातात घेतला. गुरुवारपुढं जुन्या मालकाचं आडनाव होतं. पहिल्या मजल्यावरचे गुरुजी चष्मा लावून खाली आले, खिशातला पेन काढला, जुनं आडनाव एका रेघेनं खोडलं आणि जोडप्याच्या मुलीला विचारलं, लिहू तुझंच नाव? पाण्याला सकाळी साडेपाचला उठावं लागतं, तुझे बाबा काही इथं नसणार.

तिनं मान डोलावली.